पाळीव भांडणं

लोक कोंबड्या पाळतात, ससे पाळतात, सोनईकडचा आमचा एक पाहुणा तर मोर पाळून बसला होता. आमच्या बाई भांडणं पाळायच्या. चांगलं दाणापाणी घालून वाढवायच्या, आणि एखादं भांडण मरायला टेकलं की बाईंना दोन घास गोड लागायचे नाहीत.

बाई म्हणजे आमच्या साखर कारखान्याच्या मशीन विभागाच्या प्रमुख. सत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. नेवासा तालुक्यात प्रवरेच्या अंगाला आमचा कारखाना होता. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने वापरून वापरून दमवलेली यंत्रं आमच्या चेअरमनसाहेबांनी भाड्याने उचलली, आणि त्या यंत्रांबरोबर बाई आल्या. यंत्रं ट्रकमध्ये आणि बाई ट्रकच्या पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पितळी डबा घेऊन. घाटात ड्रायव्हरला दोन ठिकाणी उतरवून त्यांनी स्वतः गाडी चालवली असं लोक सांगतात. मी म्हणतो दोन नव्हे, अख्खा घाट बाईंनीच चढवला असेल. तो ड्रायव्हर पुढे महिनाभर कुणाशी बोलत नव्हता.

आता ही यंत्रं म्हणजे तुम्ही समजता तो कॉम्प्युटर नव्हे. त्याचा थोरला चुलता म्हणा. अंगाने हत्ती, डोक्याने बेताचा. एक जाड कार्ड असायचं, पोस्टकार्डापेक्षा लांबट. पंच मशीनवर बसलेली मुलगी कागदावरचा मजकूर बघून टाइप करायची, तसतशी कार्डाला भोकं पडायची. एका शेतकऱ्याच्या उसाच्या एका प्लॉटचं एक कार्ड. मग ती कार्डं सॉर्टर नावाच्या यंत्रात घालायची, ते त्यांची क्रमाने गंजी लावायचं, आणि शेवटी टॅब्युलेटर सगळ्याची यादी छापायचा. सॉर्टर माझ्याकडे होता. तो सुरू झाला की मळणी चालल्यासारखा धडाडायचा, आणि पलीकडच्या शेतातले बैल आपोआप गोल फिरायला लागायचे. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारा.

पण बाईंचा जीव होता तो मधल्या एका यंत्रात. पडताळणी यंत्र. भोकं पाडलेलं कार्ड त्यात घालायचं, आणि दुसऱ्या मुलीने तोच कागद समोर ठेवून तेच सगळं पुन्हा टाइप करायचं. हे यंत्र भोकं पाडत नाही, फक्त जुळवून बघतं. जुळलं तर कार्डाच्या उजव्या कडेला बारीक खाच पाडून सोडून देतं. नाही जुळलं तर तांबडा दिवा लागतो आणि सगळ्या कळा बंद. तीनदा टाइप करूनही नाही जुळलं तर कार्ड बाद, नवं करा.

म्हणजे सगळा खेळ पहिलीवर दुसरीने विश्वास न ठेवण्याचा. बाई म्हणायच्या, "मैत्रिणी असल्या की संपलं. ही म्हणणार, अगं हा आकडा काय गं? ती म्हणणार, सात असेल. दोघी सात मारणार, यंत्र गप्प बसणार. चूक पोटात घालायला मैत्रीसारखं पोट नाही. मला अबोल्यातल्या जोड्या हव्यात."

आणि त्यांनी तशाच जमवल्या! मुली घेतानाची त्यांची परीक्षा बघायला मॅनेजरसाहेब खास खुर्ची टाकून बसले होते. त्यांना वाटलं इंग्रजी विचारतील, गणित विचारतील. बाईंनी प्रत्येकीपुढे सुपात भुईमुगाच्या शेंगा ओतल्या आणि सांगितलं, "फोडत राहा, आणि तुझं कुणाशी पटत नाही ते सविस्तर सांग."

बोलता बोलता जिच्या शेंगा थांबल्या, ती नापास. जिची बोटं भांडण रंगात आल्यावर दुप्पट वेगाने पळायला लागली, ती पास. बाईंचं म्हणणं, ऑपरेटरचं डोकं कामात असताच कामा नये. "डोक्याला सुट्टी, बोटांना हजेरी!" हे त्या दिवसातून इतक्यांदा म्हणायच्या की बाहेरचा वॉचमनही सॅल्यूट मारताना तेच पुटपुटायचा. मॅनेजरसाहेबांना मात्र त्या दिवशी सबंध तालुक्याची भांडणं तोंडपाठ झाली, आणि फोडलेले दाणे त्यांनीच संपवले.

अशा आठ मुली निवडल्या. आठ मुली, चार भांडणं. बाईंनी भांडणांची प्रतवारी लावली होती. मला एकदा त्यांनी ती समजावून सांगितली, अगदी उसाच्या जाती सांगाव्यात तशी.

"बांधावरचं भांडण एक नंबर. पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, पाणी घालावं लागत नाही. लग्नातल्या मानपानाचं मध्यम, पुढच्या लग्नात मिटायची भीती. पाण्याच्या पाळीचं हंगामी, पाऊस झाला की खलास. आणि प्रेमातलं तर दारातसुद्धा उभं करू नका. सकाळी असतं, दुपारी नसतं."

"आणि शकू-नजमाचं, बाई?"

बाईंचा चेहरा उजळायचा. "ते रत्न आहे हो. शाळेत लंगडी खेळताना झालेलं. कोण बाद होतं हे आता दोघींनाही आठवत नाही. कारणच शिल्लक नाही, तर मिटवणार काय?"

शकू पंच मारायची, नजमा पडताळायची. शकू शेतमजुराच्या घरातली, काटकुळी, वेणीत कायम कार्डाच्या भोकांतून पडलेला कागदी चुरा. नजमाचे वडील गावोगाव विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचे. तिचे हात बापाचे, एकेक कळ पाना फिरवल्यासारखी ठाम. दोघी शेजारी बसायच्या आणि एकमेकींकडे अशा बघायच्या नाहीत की मधल्या हवेला चीर पडावी. पण काम? शकूच्या कार्डावर तांबडा दिवा लागला तर कारखान्यात बातमी व्हायची. नजमा डोळे लावून बसलेली असायची, कधी ही चुकते आणि कधी मी दिवा लावते!

संक्रांतीला बाईंची खरी कसोटी. साखर कारखाना, संक्रांत, आणि आमच्या विभागात तिळगुळाला बंदी. बाई दारात पितळी डबा घेऊन उभ्या. येणाऱ्या प्रत्येकीचा तिळगूळ आधी डब्यात जमा. "गोड बोलायचं ते बाहेर जाऊन. माझ्या चार जोड्या मोडतील." चेअरमनसाहेबांच्या मिसेस हलव्याचा वाटा घेऊन हौसेने आल्या, त्यांचाही डब्यात गेला. चेअरमनसाहेब नंतर मला हळूच म्हणाले, "आमच्या घरातला अबोला बाईंनी पाळायला घेतला नाही म्हंजे मिळवली."

यंत्र बघायला शेतकरी यायचे. चपला बाहेर काढायचे, काही जण नारळ फोडायला निघायचे. एका म्हाताऱ्याने कार्ड उजेडात धरून बराच वेळ निरखलं.

"बाई, ह्यात माझा ऊस कुठं हाय?"

"ही भोकं दिसतात ना, तो तुमचा ऊस."

"आन् जिथं भोक न्हाई तिथं?"

"तिथे दुसऱ्याचा."

म्हातारा समाधानाने गेला. जाताना म्हणाला, "लई झ्याक. आमच्या तलाठ्यापरीस सोपं हाय."

पण सगळे असे खूश नव्हते. यंत्रं एका गळीत हंगामापुरतीच कबूल केलेली होती. ऊसतोडणीचा क्रम या यंत्रावर बिनचूक लागला तर ठेवायची, नाहीतर परत मुंबईला. त्यात बहात्तरचा दुष्काळ. विहिरी तळाला गेलेल्या, ऊस उभा वाळत चाललेला, वजन रोज घटतंय. ज्याच्या उसाला तोड आधी त्याचं काही हाती लागणार, मागे राहील त्याचं सरपण. आणि आमच्या मुलींचं म्हणाल तर यंत्रं गेली की त्या आठहीजणी दुसऱ्या दिवशी दुष्काळी कामावर खडी फोडायला. शकूची आई तिथेच होती. शकू तिचे हात बघून कामावर यायची.

तोडणीचा नियम साधा होता, ज्याच्या उसाची लागण, म्हणजे लागवड, आधी त्याची तोड आधी. शेतकी खात्याचे ओव्हरसिअर गावोगावचे कागद भरून देणार, मुली कार्डं मारणार, आणि यंत्र क्रम लावणार. यंत्राला ना भाऊ ना व्याही.

यादी छापून गेटावर लावली त्या दिवशी आमच्या अंगणात जत्रा. यादी इंग्रजी अक्षरात, मी स्टुलावर उभा राहून मोठ्याने वाचतोय, आणि माणसं माना उंचावून ऐकतायत. तेवढ्यात गर्दी फोडत तात्या आले. तात्या म्हणजे संचालक मंडळातलं बडं प्रस्थ. आवाज असा की त्यांनी नुसतं खाकरलं तरी चिमणीचा धूर बाजूला सरकायचा.

"माझं नाव पयल्या पानावर पायजे. कुठं गेलं?"

मी शोधलं. नाव फार मागे होतं. इतकं मागे की तिथवर यायला ऊस थांबला असता तर त्याला दाढी फुटली असती. आणि त्यांच्या बांधालगतचा त्यांचा चुलतभाऊ, नाना, त्यांच्याही पुढे होता. ते ऐकून गर्दीतून नाना नुसते "हं" म्हणाले. त्या एका "हं"ने तात्या पेटले.

"माझी आडसाली लागण हाय! जुलैची! ह्ये मशीन खुळं हाय! उद्याच्या मीटिंगीत ठराव मांडतो. मशीन मुंबईला आन् ह्या पोरी घरी!"

बाईंनी मूळ कागद काढला. कागदावर खरंच जुलै होतं. कार्ड काढलं. कार्डावर नोव्हेंबर. शकूने अकरावा महिना मारलेला, नजमाने पडताळताना अकराच मारलेला, आणि जुळलं म्हणून यंत्राने मुकाट्याने खाच पाडून दिलेली.

मी बाईंना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हाही घाबरल्या नाहीत, पण डबा खाली ठेवला. त्यांच्या हयातीत पडताळणीतून चूक निसटली नव्हती. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोघींनी एकच चूक करायची म्हणजे काय?

आधी शकूला आत घेतलं.

"कागदावर काय होतं?"

"जुलै हुतं, बाई."

"मग?"

"पर लागण जुलैची न्हाईच. तुळशीचं लगीन झालं, त्याच्या फुडं चार दिसांनी आमी गेल्तो तात्यांच्या रानात. उसाचं बेणं मांडायला मी आन् आई. बोटं कापली हुती माजी." तिने बोट दाखवलं.

तिला बाहेर बसवून नजमाला बोलावलं.

"कागदावर काय होतं?"

"सात हुता की."

"मग?"

"खोटा हुता, बाई. आमचे रोजे चालू हुते. अब्बा त्यांच्या हिरीवर इंजिन बसवायला गेले, मी संगं. तवा सऱ्या पाडून झाल्या हुत्या आन् पयलंच पानी सोडायचं हुतं. रोजे हुते म्हून अब्बांनी त्यांचा च्यासुदीक घेतला न्हाई."

एकीने तुळशीच्या लग्नावरून हिशोब केला, दुसरीने रोज्यांवरून, आणि दोघी येऊन बसल्या एकाच महिन्यावर. एकमेकींना न विचारता! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाई मात्र दोघींना समोर उभं करून कडाडल्या, "यंत्रापुढे बसून खरं बोलायला तुम्हाला सांगितलं कुणी? कागदावर आहे ते मारायचं! डोक्याला सुट्टी दिली होती ना? मग ते कामावर आलं कशाला?"

दोघी खाली बघत उभ्या. नजमा म्हणाली, "आमाला खडी फोडायला धाडताल का, बाई?"

बाईंनी चष्म्याच्या तुटक्या काडीला बांधलेली सुतळी दोनदा ओढून बघितली. म्हणजे त्या विचार करत होत्या.

दुसऱ्या दिवशी संचालक मंडळ थेट मशीन विभागातच आलं. बाहेर खिडक्यांना माणसं लटकलेली. तात्यांनी ठराव वाचायला खिशात हात घातला, तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या.

"चूक आमची आहे. कागदावर जुलै आहे, तर कार्डावर जुलैच हवा. आत्ता तुमच्यासमोर नवं कार्ड करते."

शकूने मान खाली घातली. तात्या विजयाने सगळ्यांकडे वळून बघायला लागले.

"फक्त हे कार्ड वादातलं," बाई पुढे म्हणाल्या. "वादातलं कार्ड माझ्या मुली मारत नसतात. ज्याचं रान त्यानेच मारायचं. बसा तात्या."

"त्यात काय! ट्रॅक्टर हाकतो मी!" म्हणत तात्या पंच मशीनवर बसले. खुर्ची कण्हली. बाई एकेक कळ दाखवत गेल्या, तात्या बोटाने घाव घालत गेले. शून्य, सात. जुलै झाला.

"झालं. घाला ते सॉर्टरात."

"पडताळणी राहिली ना," बाई म्हणाल्या. "खाच पडल्याशिवाय टॅब्युलेटर कार्ड घेत नाही."

हे साफ खोटं होतं. आमचा टॅब्युलेटर खाच बघत नव्हता, त्याने विड्याचं पानसुद्धा गिळलं असतं. मी छताकडे बघत राहिलो.

"मग करा की पडताळणी."

"करू. पण पडताळायला पहिल्याशी अबोला असलेलं माणूस लागतं. हा या विभागाचा नियम आहे. मॅनेजरसाहेब साक्षी आहेत."

मॅनेजरसाहेबांना शेंगदाणे आठवले असावेत. त्यांनी जोरात मान हलवली. चेअरमनसाहेब मिशीत हसत खिडकीकडे वळले आणि म्हणाले, "नाना, या आत."

खिडकीबाहेरून नाना आत आले. दारातून नव्हे, खिडकीतूनच. इतकी वर्षं ज्या भावाचं तोंड पाहिलं नव्हतं त्याच्या शेजारच्या खुर्चीवर ते धोतराचा सोगा सावरत बसले. बांधावरचं भांडण. एक नंबर.

"नाना, कागदावर आहे तेच मारायचं हं," बाई म्हणाल्या.

नानांनी कागद बघितला आणि उलटा ठेवला. "कागदाचं ऱ्हाऊ द्या. मी बांधावं उभा हुतो." आणि मारला अकरा.

तांबडा दिवा. कळा बंद.

"पुन्हा."

अकरा. तांबडा दिवा.

"पुन्हा."

अकरा. यंत्राने खट्‌कन कार्डावरच्या महिन्याच्या घराच्या डोक्यावर बादचा चिमटा काढला. बाई कार्ड उचलून म्हणाल्या, "बाद. तात्या, पहिल्यापासून."

तात्यांनी दुसरं कार्ड केलं. बाद. तिसरं केलं. बाद. खिडक्यांतून आता दरवेळी दिवा लागला की आरोळी उठायला लागली. तात्यांची टोपी मागे सरकली, कपाळावर घाम. बाद कार्डांचा ढीग इतका वाढला की, मी शपथेवर सांगतो, पलीकडून मला तात्या दिसेनासे झाले. फक्त आवाज यायचा.

"बाई, ह्यो मुद्दाम करतोय!"

"म्हणूनच बसवलाय ना. आळस करणारं माणूस पडताळणीच्या कामाचं नाही."

"ह्याचा ऊस माझ्याफुडं हाय म्हून!"

"असू दे. स्वार्थ असला की लक्ष लागतं."

"आन् कवर चालायचं ह्ये?"

"हंगाम संपेपर्यंत चालू शकतं. कार्डं भरपूर आहेत. ऊस थांबेल का, ते तुम्ही बघा."

तात्यांनी टोपीने कपाळ पुसलं. मग त्यांनी नवं कार्ड घातलं, नाव, गाव, गट सगळं मारलं, महिन्याच्या घराशी येऊन थांबले, आणि कुणाकडेही न बघता एकवर बोट ठेवलं. एकदा. पुन्हा एकदा. अकरा.

खिडक्या चिडीचूप. कार्ड नानांकडे आलं. आता नानांची गंमत बघा. तात्यांना आणखी नाचवायचं असतं तर सात मारायला कुणाच्या बापाची भीती होती? नानांनी बोट वर धरलं, जरा तसंच ठेवलं, तात्यांच्या घामेजल्या मानेकडे बघितलं. मग मारला अकरा.

दिवा लागला नाही. कार्ड सरकत पुढे गेलं. नानांचे ओठ हलले, "दादा, तू..."

"नाना, एक शब्द नाही!" बाई किंचाळल्या. "कार्ड अजून बाहेर आलेलं नाही!"

कार्ड बाहेर आलं. उजव्या कडेला खाच. चेअरमनसाहेबांनी ते हातात घेतलं, तात्यांच्या पुढ्यात धरलं. "यादीत हाय तेच हाय की हे, तात्या. आन् ह्या बारीला मारलंयत तुमीच. ठराव काय करायचा?"

तात्यांनी खिशातला कागद खिशातच चुरगळला. "ऱ्हाऊ द्या मशीन," ते म्हणाले, आणि टोपी झटकून दाराने गेले. नाना त्यांच्या मागोमाग, या वेळी तेही दाराने.

खिडक्यांतून जो काही दंगा झाला तो शेवगावला ऐकू गेला असणार. आठ मुलींपैकी सहा रडत होत्या. उरलेल्या दोघी, शकू आणि नजमा, बाद कार्डांच्या ढिगामागे एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून हसत होत्या. हसू आवरेना म्हणून नजमाने शकूच्या वेणीतला कागदी चुरा मूठभर काढून तिच्याच डोक्यावर उधळला. "आगं बाद तूच हुतीस लंगडीत," शकू म्हणाली. "तुझा पाय टेकला हुता!" नजमा ओरडली. आणि दोघी पुन्हा हसायला लागल्या.

बाईंनी ते बघितलं. यंत्रं राहिली, आठ मुलींच्या खुर्च्या राहिल्या, चेअरमनसाहेब पेढे मागवत होते, आणि बाई मात्र त्या दोघींकडे असं बघत होत्या, जणू घरातलं काही चोरीला गेलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकूची खुर्ची खोलीच्या एका टोकाला आणि नजमाची दुसऱ्या टोकाला. दोघी तक्रार घेऊन बाईंपुढे उभ्या राहिल्या, एकमेकींचा हात धरून.

"आमची जोडी का मोडली, बाई? आमी चुकलो का?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. खूप वेळ पुसला.

"नोकरी राहिली ना तुमची? मग बसा जागेवर," त्या म्हणाल्या. "पण मुलींनो, इतकं चांगलं भांडण परत कुठून आणू मी?"